हमीदभाई आणि मंदाच्या लग्नाची कॅसेट

हमीदभाईंच्या दुकानातला टीव्ही रस्त्याकडे पाठ करून ठेवलेला असायचा. टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत स्टूल टाकून ते बसायचे. बाहेरून येणाऱ्याला फक्त त्यांच्या चष्म्यात हलणारा उजेड दिसायचा. एखादं गिऱ्हाईक वाकून डोकावायला लागलं की ते चटकन पडद्यावर हात धरायचे. "दुसऱ्याच्या घरातलं हाय भाऊ, आपण काहून बघावं?" म्हणायचे. मग आपण जरा तोडूनच बोललो असं वाटून लगेच, "माफी असावी."

हे 'माफी असावी' त्यांच्या ओठांवरच असायचं. चहाचा कप परत देताना, बसमध्ये कुणाच्या शेजारी बसताना, सुट्टे नाहीत म्हणताना. एकदा एक जुनी कॅसेट व्हीसीआरमध्ये अडकली आणि टेपेला चुणी पडली. दोन बोटांनी ती चुणी सरळ करता करता ते त्या टेपेलाच म्हणाले, "माफी असावी." मी हसले. ते हसले नाहीत.

जवळा बाजार या गावी आमचे गाळे शेजारी शेजारी. मधली भिंत इतकी पातळ की माझ्या पार्लरमधला ड्रायर सुरू झाला की त्यांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. दोघांचंही पोट लग्नांवर. मी नवऱ्या सजवायची, ते नवऱ्यांचं शूटिंग काढायचे. लग्नसराईत आम्ही बरेचदा एकाच मांडवात भेटायचो. मी नवरीच्या मागे पदर सावरत, ते पुढे कॅमेरा धरून. माझे मिस्टर गेल्यावर मी पार्लर टाकलं तेव्हा बाजारातल्या लोकांनी नाकं मुरडली होती. बिनकुंकवाची बाई नवऱ्या सजवणार! हमीदभाईंनी मात्र त्यांच्या मीटरवरून मला वायर ओढून दिली आणि विषय संपवला. त्यांच्याबद्दल मला जे काही वाटायचं ते तिथून सुरू झालं.

पुढे मोबाइल आले, ड्रोन आले, आणि हमीदभाईंना शूटिंगच्या ऑर्डरी कमी झाल्या. त्याच सुमारास दुसरं काम सुरू झालं. लोकांच्या ट्रंकांमधून, माळ्यांवरून जुन्या व्हिडिओ कॅसेटी खाली यायला लागल्या. घरात व्हीसीआर कुणाकडेच उरला नव्हता. 'चाचा, हे पेनड्राइव्हमध्ये टाकून द्या' असं म्हणत लोक यायचे. कुणाची टेप पांढऱ्या बुरशीने भरलेली, कुणाचं चित्र वरच्या बाजूने वाकडं होऊन लवलवणारं, कुणाच्या नवरा-नवरीचे चेहरे टोमॅटोसारखे लाल. नांदेडला एक जुना स्टुडिओ बंद पडला तेव्हा हमीदभाई तिथून एक काळा डबा उचलून घेऊन आले. व्हिडिओ प्रोसेसर. व्हीसीआरमधून निघालेलं चित्र आधी या डब्यात जायचं आणि सुधारून टीव्हीवर, कॉम्प्युटरवर यायचं. लवलवणारं चित्र डबा थांबवून धरायचा. उजेड, रंग, चेहऱ्याच्या कडा यांच्यासाठी वेगवेगळी बटणं होती. ती डावी-उजवीकडे फिरवायची.

बटण फिरवायची त्यांची एक तऱ्हा होती. उजवीकडे थोडं न्यायचं, थांबायचं, मग नेलं त्याच्या निम्मं परत आणायचं. मी विचारलं, "परत काहून आणता? साफ तर होऊन राहिलं होतं."

"जास्ती साफ करायचं न्हाई रेखाताई," ते म्हणाले. "टेपेत जेवढं हाय तेवढंच निघतं. त्याच्यापुढं गेलं की मुंग्या येतात." पडद्यावर बारीक ठिपके वळवळायला लागत, त्यांना ते मुंग्या म्हणायचे.

या डब्यामुळे झालेली एक गोष्ट मी विसरत नाही. बाजारातले कापसाचे एक जुने व्यापारी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी नातवाच्या जावळाची कॅसेट आणली. त्यात त्यांची बायको होती, आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. टेपेचे रंग पार उडालेले. अण्णा म्हणाले, "हिचं लुगडं हिरवं होतं. मीच आणलं होतं परभणीहून. तेवढं हिरवं झालं पाहिजे." हमीदभाईंनी चित्र थांबवलं. मागे अंगणात लिंबाचं झाड होतं. ते म्हणाले, आधी झाडाचं पान खरं करू, माणसाच्या कातडीचा रंग खरा करू, मग लुगड्याचा रंग आपोआप खरा होईल. त्यांनी हळूहळू बटण फिरवलं. पान हिरवं झालं, चेहरे चेहऱ्यासारखे झाले, आणि लुगडं झालं जांभळं.

अण्णा बघत राहिले. त्यांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी उचलून मांडीवर घेतला. "हिरवं होतं," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. परभणीहून आणलेलं लुगडं बायकोने त्या दिवशी नेसलंच नव्हतं की काय, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात चाललं असावं. हमीदभाईंची मान खाली गेली. ते म्हणाले, "डब्यात फाल्ट हाय अण्णा. उद्या या." दुसऱ्या दिवशी लुगडं हिरवं होतं. लिंबाचं झाड निळसर झालं होतं आणि सगळ्यांच्या तोंडावर कावीळ झाल्यासारखी कळा आली होती. अण्णांनी ते काही बघितलं नाही. हिरवं लुगडं बघितलं, पेनड्राइव्ह खिशात घातला, आणि जाताना हमीदभाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"खोटं करून दिलं मी," ते नंतर मला म्हणाले. "पण त्या माणसाला आठवतं ते खोटं पाडणारा मी कोण?"

मला तेव्हा ते फार शहाणे वाटले होते.

मंदा आली ती दिवाळीच्या थोडी आधी. पंचेचाळिशीची बाई, उन्हातून आलेली, हातात कापडी पिशवी. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका खेड्यात तिचं माहेर, सासर वाशीमकडे. मी तेव्हा हमीदभाईंच्या दुकानात चहा द्यायला गेले होते. तिने पिशवीतून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"चाचा, ही तुमीच काढलेली हाय. तुमच्याच दुकानाचा कागद चिटकवलेला हाय बघा."

हमीदभाईंनी कॅसेट उचलली, कागदावरचं नाव वाचलं आणि उघडूनही न बघता परत ठेवली.

"बुरशी लागली हिला. ही न्हाई व्हायची."

"उघडून तर बघा."

"उघडली तर जास्ती खराब व्हईल, बाई. राहू द्या."

मी त्यांच्याकडे बघायलाच लागले. पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेट या माणसाने स्पिरिटने वीत वीत पुसून चालवलेली मी बघितली होती. नाही म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

मंदा उठली नाही. बाकावर टेकली. "आई उन्हाळ्यात गेली," ती म्हणाली. "घरात तिचा एक फोटो न्हाई. आधारवरचा मोठा करून आणला तर लेकरं म्हनली, ही आमची आज्जीच न्हाई. मग म्हनलं ह्याच्यात असंल. माझी आई व्हती ना ती? माझ्या लग्नात कुठं तरी असंल का न्हाई?"

हमीदभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "असंल," ते म्हणाले.

कॅसेट ठेवून ती गेली. त्यानंतर त्यांचं शटर बरेच दिवस अर्धंच उघडं असायचं. चहा दिला तर कप तसाच थंड होऊन परत यायचा. एका दुपारी त्यांनी भिंतीवर टकटक केली. "रेखाताई, जरा या. एकट्यानं बघवंना झालं."

मी टीव्हीच्या आणि भिंतीच्या मध्ये शिरले. टेप त्यांनी साफ केली होती. मांडव दिसत होता, गोरज मुहूर्ताची गर्दी, बोहल्यावर मंदा, इतकी बारीक की ओळखूच येऊ नये. मी म्हटलं, पहिल्यापासून लावा, आई कुठे दिसते बघू.

"शोधायची गरज न्हाई," हमीदभाई म्हणाले. "कुठं हाय मला माहीत हाय."

त्यांनी टेप पळवली आणि नेमकी थांबवली. पडद्याच्या कडेला ओसरी होती, काळी ठिक्कर. त्यांनी प्रोसेसरचं उजेडाचं बटण फिरवलं. काळं होतं ते राखाडी झालं. पोत्यांची थप्पी दिसायला लागली, मग दाराची चौकट, आणि चौकटीला टेकून उभी असलेली एक बाई. कपाळ मोकळं. डोक्यावरून पदर. उजव्या हाताची मूठ वळलेली. मुठीत अक्षता असणार.

"गयाबाई," हमीदभाई म्हणाले. "मंदाची आई."

मंदा लहान असतानाच तिचा बाप गेला होता. लग्न मामाने लावलं, कन्यादान मामा-मामीने केलं, आणि विधवा बाई म्हणून आईला मांडवात येऊ दिलं नाही. हे काही मला सांगायची गरज नव्हती. अशा ओसऱ्या मी खूप बघितल्यात.

हमीदभाईंनी टेप सोडली. मंगलाष्टक चालू होतं. कॅमेरा हळूहळू ओसरीकडे वळत होता, आणि कॅमेऱ्यावरच बसवलेला दिवाही. उजेडाची कड पोत्यांवर आली, चौकटीवर आली. दारातली बाई चपापली. तिने झटकन पदर नीट केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात एका माणसाचा आवाज आला, अगदी कॅमेऱ्याजवळून. "ए शूटिंगवाले, तिकडं न्हाई! तिला घ्यायचं न्हाई!" आणि लगेच दुसरा, तरुण, अदबीचा आवाज. "व्हय जी. न्हाई घेत." उजेड सर्रकन फिरला. पडद्यावर बँडवाले आले आणि खूप वेळ बँडवालेच राहिले.

तो दुसरा आवाज कुणाचा ते मी विचारलं नाही.

"मी धंद्यात नवीन होतो," हमीदभाई म्हणाले. "तिचा मामा आणखी लग्नं देतो म्हनला होता. त्यानं सांगितलं, मी दिवा फिरवला. त्यात काय एवढं, सगळ्याच लग्नात सांगतात. पण ती पुढं आली होती, ताई. पदर नीट केला तिनं. तिला वाटलं मी तिचाच फोटो घेऊन राहिलो."

 मी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, "ती चौकटीत उभी हाय तेवढाच फोटो काढून द्या तिला. मोठा करून, फ्रेम करून द्या. पुढचं काहून दाखवता? आवाज तर मुळीच नको. अण्णांना न्हाई का लुगडं हिरवं करून दिलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टेप बंद केली. मला वाटलं, पटलं.

पटलंच होतं. कारण मंदा आली तेव्हा त्यांनी तिला तेवढाच फोटो दाखवला. मीही तिथे होते. मुंग्या होत्याच, पण चौकट, पदर, वळलेली मूठ एवढं स्पष्ट होतं. मंदा पडद्याजवळ गेली. त्या मुठीला बोट लावलं. "आईच हाय," म्हणाली. "अशीच उभी राहायची." ती रडायला लागली, आणि रडता रडता वाकून हमीदभाईंच्या पायांना हात लावायला गेली. "लई उपकार झाले चाचा."

हमीदभाई स्टुलासकट मागे सरले. स्टूल भिंतीवर आपटलं. "न्हाई, न्हाई. उपकार म्हनू नका." त्यांनी टीव्हीकडे हात केला. "बसा. अजून हाय थोडं. ते बघा, मग काय म्हनायचं ते म्हना."

मी त्यांना खुणावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टेप लावली, आवाज मोठा केला, आणि स्वतः उभे राहिले. शाळेत मास्तरापुढे पोरगं उभं राहतं तसे, दोन्ही हात मागे घेऊन.

मंदाने सगळं बघितलं. पदर, पाऊल, आवाज, फिरलेला उजेड, बँडवाले. मग म्हणाली, "परत लावा."

परत लावलं.

"हा मामाचा आवाज. आन हा?"

"माझा," हमीदभाई म्हणाले.

तिने आणखी एकदा लावायला सांगितलं. या वेळी ती ओसरीकडे बघत नव्हती, पडद्याच्या दुसऱ्या कडेच्या बोहल्याकडे बघत होती. उजेड ओसरीवरून फिरताना बोहल्यावरच्या नवरीने मान वळवून तिकडे बघितलेलं प्रोसेसरमुळे आता दिसत होतं. बघितलं, आणि लगेच मान खाली घातली.

"मला दिसली व्हती ती," मंदा म्हणाली. "एवढे दिवस मी म्हनायचे, मला काय माहीत आई कुठं व्हती, मी तर नवरी व्हते. मला दिसली व्हती."

दुकानात आम्ही तिघं होतो आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मला वाटत होतं की मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं असतं तर ही बाई फोटो छातीशी धरून आनंदाने घरी गेली असती. आणि असं वाटतंय याचीच मला लाज वाटत होती.

मंदाने डोळे पुसले. "चाचा, एवढं सांगा. पाऊल टाकलं तेव्हा ती हसत व्हती का रडत व्हती? तोंड साफ करता येतं का?"

हमीदभाई लगेच स्टुलावर बसले. ते पाऊल टाकलेलं चित्र थांबवलं. उजेड वाढवला, कमी केला. कडा ठसठशीत करायचं बटण फिरवलं. ते बटण त्या दिवशी त्यांनी निम्मं परत आणलं नाही. फिरवतच राहिले. पदराच्या आत जिथे चेहरा असायला हवा, तिथे मुंग्या उसळल्या, एकमेकींवर चढल्या, आणि त्यांच्यामागे चेहरा आहे की नाही तेही कळेना. बऱ्याच वेळाने त्यांनी हात काढून घेतला.

मी मनात म्हणत होते, हसत होती म्हणा. एवढंच म्हणा. कोण तपासायला येतंय?

"न्हाई दिसत," हमीदभाई म्हणाले. "टेपेत न्हाई ते. दिवा तिच्या तोंडावर यायच्या आधीच मी फिरवला. आता कुठूनच न्हाई येणार."

मंदाने मान हलवली. हमीदभाईंनी सगळं लग्न भरून दिलेला पेनड्राइव्ह पिशवीत टाकला. जाताना तिने त्यांना नमस्कार केला नाही, की रागाचा शब्दही काढला नाही. पायरीवर थांबून एवढंच म्हणाली, "मामाचा आवाज राहू दिला ना त्याच्यात? राहू द्या. लेकरांना ऐकवते."

यानंतरचे हमीदभाई वेगळे होते. माणूस मोकळा झाला असेल असं कुणाला वाटेल, पण तसं काही झालं नाही. पूर्वी लाज त्यांच्या शब्दांतच होती, आता ती हातापायांत उतरली. अण्णांच्या घरी जाऊन ते सांगून आले की लुगड्याचा रंग मी खोटा करून दिला होता. अण्णा म्हणाले, मला माहीत आहे, झाड दिसत होतं मला. चहा पाजून पाठवलं. हमीदभाईंना ते अपमान झाल्यासारखं लागलं. पुन्हा कधी त्या गल्लीने गेले नाहीत.

थोड्या ऑर्डरी यायच्या तिथेही त्यांचं बिनसलं. औंढ्याजवळच्या एका लग्नात आम्ही दोघंही होतो. अक्षता पडायच्या आधी हमीदभाई कॅमेरा घेऊन फिरत होते, आणि मंडपाच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकाच्या चुलींजवळ, त्यांना एक बाई दिसली. नवरीची आत्या, विधवा. त्यांनी दिवा तिच्यावर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्याबाई, पुढं या. तुमच्याबिगर फोटो अधुरा हाय. या, सगळ्यांच्या पुढं उभ्या राहा." सगळा मंडप मागे वळला. नवरीचा बाप धावत आला. "ओ चाचा, तुमाला आमच्यातलं काय कळतं? शूटिंग करा गपचूप." हे ऐकून घेण्याची हमीदभाईंची तयारी असावी. ज्याची नव्हती ते आत्याबाईंकडून आलं. पदराने अख्खं तोंड झाकून ती बाई चुलीआड गेली आणि तिथून ओरडली, "माझी धिंड काहून काढून राहिला रे बाबा? मी काय केलं तुझं?"

परतीच्या वाटेत जीपमध्ये ते कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "दिवा फिरवला तवाही चुकलं. न्हाई फिरवला तरी चुकलं." मी म्हटलं, असं मनाला लावून घेऊ नका. दुसरं काय म्हणणार?

खरं तर मला म्हणण्यासारखं होतं. नवरीचा शृंगार पुरा झाला की शेवटी कुंकू लावायचं असतं, आणि मी ते लावत नाही. घरातल्या एखाद्या सवाष्णीला बोलावते, करंडा तिच्या हातात देते आणि मागे सरते. कुणी सांगायच्या आधीच मी ते करते, म्हणजे कुणाला सांगायची वेळ येत नाही. औंढ्यानंतरच्या एका लग्नात मी असाच करंडा पुढे केला. समोर हमीदभाई कॅमेरा धरून होते. त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं.  या वेळी 'पुढे या' वगैरे काही नाही. नुसतं विचारलं, डोळ्यांनी. तुमी लावता का? मी थांबतो.

नवरी माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिला काही फरक पडला नसता. तिच्या आईलाही बहुतेक नसता पडला. मीच मान हलवली. नाही. आणि करंडा दुसरीच्या हातात दिला. हमीदभाईंनी डोळा परत कॅमेऱ्याला लावला. त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, मला कळलं नाही. मला मात्र पार्लरमध्ये आल्यावर आरशासमोर बसवेना.

त्या उन्हाळ्यात त्यांनी दुकान सोडलं. मुलगा वाशीमला असतो, त्याच्याकडे राहायला गेले. प्रोसेसर आणि व्हीसीआर हिंगोलीच्या एका दुकानदाराला देऊन टाकले. जाताना माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "भिंतीला कधी आवाज दिला असंल, तकलीफ दिली असंल, तर माफी असावी." मी त्यांना आत बोलावलं. बायकांचं पार्लर म्हणून ते आत आले नाहीत.

मग मी त्यांना एकदाच बघितलं. वाशीमला एक ऑर्डर होती म्हणून जीपने निघाले होते. कनेरगाव नाक्यावर ड्रायव्हर चहाला थांबला. रस्त्याच्या पलीकडच्या ढाब्यावर हमीदभाई एकटेच बाजेवर बसले होते. मी हाक मारणार, तेवढ्यात शेजारच्या बाजांवर जेवायला बसलेलं एक कुटुंब उठून त्यांच्याकडे आलं. लग्नाहून परतत असावेत, बायकांच्या अंगावर नवे शालू होते. एका तरण्या बाप्याने त्यांच्या हातात मोबाइल दिला. फोटो काढा म्हणाला असणार.

हमीदभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. सगळे ओळीत उभे राहिले, पोरं पुढे, बाप्ये मागे. ओळीपासून लांब, कडेच्या बाजेवर त्यांच्यातली एक म्हातारी एकटीच अजून जेवत होती. तिला कुणी बोलावलं नाही आणि तीही उठली नाही.

हमीदभाईंनी मोबाइल वर धरला, आणि खाली घेतला. आता ते तिला हाक मारतील असं मला वाटलं. त्यांनी हाक मारली नाही. ऊन डोळ्यांवर येतंय असं काहीतरी हाताने दाखवत त्यांनी त्या सगळ्या ओळीलाच सरकवायला सुरुवात केली. अजून थोडं, अजून थोडं. हसत, कुरकुरत, शालू सावरत ती माणसं सरकत सरकत म्हातारीच्या बाजेमागे जाऊन उभी राहिली. पोरं जागा नाही म्हणून बाजेवरच बसली. म्हातारीने भाकर मोडता मोडता वर बघितलं, हे सगळे माझ्याभोवती काहून जमले म्हणून, आणि हमीदभाईंनी बटण दाबलं.

मोबाइल परत देऊन ते पुन्हा त्यांच्या बाजेवर जाऊन बसले. फोटो कसा आला ते त्यांनी बघितलं नाही. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला त्यांना हाक मारता आली असती, रस्ता काही एवढा रुंद नव्हता. मी खिडकीतून आत सरकून बसले, आणि जीप वाशीमच्या रस्त्याला लागली.